दक्षिण कोरियात लष्कराला बराकीत नेमकं कोणी धाडलं?

चाकणचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. चाकणला एका कोरियन कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या फॅक्टरीत क्वालिटीत आहे, त्यामुळे कोरियन साहेब लोकांशी रोजचा संबंध येतो, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या राष्ट्राध्यक्षाने रात्री अचानक मार्शल लॉ लावला आणि सकाळ व्हायच्या आत तो मागे पण घ्यावा लागला तेव्हापासून या विषयाचं वेडच लागलंय म्हणा ना.

माझा गोंधळ असा आहे. १९६१ पासून तिथे जनरल लोकांचं राज्य. १९८७ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, थेट निवडणूक झाली आणि निवडून कोण आला तर परत जनरलच, रोह ते-वू! मग लोकशाही आली कधी आणि आणली कोणी? यूट्यूबवर बघितलं तर सगळं श्रेय जनतेला, विकिपीडियावर तारखाच तारखा. राष्ट्राध्यक्ष म्हणून ज्याने खरंच काम केलं असा कोण? आमच्याकडच्या दोन कोरियन साहेबांना जेवताना विचारलं तर एक पटकन म्हणाला किम दे-जुंग, आणि दुसरा त्याच्याकडे असा बघायला लागला की पुढचं जेवण गुपचूपच झालं. नंतर परत विचारायची छाती झाली नाही.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि हो, तिथले सगळे राष्ट्राध्यक्ष शेवटी जेलमध्येच का जातात?

जुना_पेपरवाला

तुमचे एक साहेब बहुतेक जोल्ला भागातले आणि दुसरे ग्योंगसांगचे असणार, म्हणजे नैऋत्य आणि आग्नेय कोरिया. तिथलं राजकारण समजायला ही एक गोष्ट आधी कळायला लागते. पार्क चुंग-ही, चुन डू-ह्वान, रोह ते-वू हे सगळे जनरल राष्ट्राध्यक्ष ग्योंगसांगचे. विरोधी नेता किम यंग-सॅमही तिकडचाच. दुसरा विरोधी नेता किम दे-जुंग जोल्लाचा, आणि १९८० च्या मे महिन्यात चुनच्या सैन्याने जिथे माणसं मारली ते ग्वांगजू पण जोल्लातच. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर हा विषय काढलात म्हणजे धन्य आहात.

आता १९८७ चं. जानेवारीत सोल नॅशनल युनिव्हर्सिटीचा एक विद्यार्थी पोलिसांच्या छळात मेला आणि पोलिसांनी काय सांगितलं तर म्हणे टेबलावर हात आपटला आणि हा दचकून गेला. लोक काय येडे आहेत का. जूनमध्ये आणखी एका विद्यार्थ्याच्या डोक्यात अश्रुधुराचं नळकांडं बसलं, मग नुसती पोरंच नाही, टाय लावलेले ऑफिसवाले सुद्धा रस्त्यावर आले. पुढच्या वर्षी ऑलिम्पिक, सगळ्या जगाचे कॅमेरे येणार, अमेरिकेने पण निरोप पाठवला की सैन्य उतरवू नका. शेवटी २९ जूनला रोह ते-वूने, जो चुनने ठरवलेला वारस होता, जाहीर केलं की थेट निवडणूक घेऊ, किम दे-जुंगचे राजकीय हक्क परत देऊ वगैरे.

आणि मग विरोधकांनी माती खाल्ली. दोन्ही किम उभे राहिले. रोहला ३६.६ टक्के, किम यंग-सॅमला २८, किम दे-जुंगला २७. दोघांची बेरीज करा. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, आणि तिसरा कोण तर १९७९ च्या १२ डिसेंबरला सीमेवरची आपली डिव्हिजन सोलमध्ये आणून चुनच्या बंडाला हात देणारा माणूस.

पण माझं मत थोडं वेगळं आहे, शिव्या घालू नका. रोहला लोक उगाच कमी लेखतात. एप्रिल १९८८ मध्ये त्याच्या पक्षाला २९९ पैकी १२५ जागा मिळाल्या, म्हणजे बहुमत गेलं. जनरल माणूस, बारा वाटा मोकळ्या होत्या, पण त्याने संसद मोडली नाही, मुळात नव्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षाकडे तो अधिकारच ठेवला नव्हता. उलट विरोधकांनी चुनच्या कारभाराची चौकशी लावली, ती टीव्हीवर थेट दाखवली, अख्खा देश काम सोडून बघत बसला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला रोह मू-ह्युन तिथेच पहिल्यांदा लोकांना माहीत झाला. आणि चुनला स्वतःच्या जिवलग मित्राच्या राज्यात माफी मागून बेकदामसा नावाच्या डोंगरातल्या मठात जाऊन राहावं लागलं. लष्करी राजवटीतून बाहेर पडताना एक असा माणूस लागतो ज्याच्यावर लष्कराचा भरोसा आहे पण जो बंदूक काढत नाही. रोह तो होता.

तर्कट

पेपरवाले काका, तुमचा आदर आहे पण रोहने बंदूक काढली नाही म्हणून त्याला हार घालायचा हे काही पटत नाही बुवा. त्याच्याच काळात, १९९० मध्ये, एका साध्या शिपायाने पळून येऊन बाहेर फोडलं की लष्कराची सिक्युरिटी कमांड, म्हणजे लष्कराचं हेरखातं, हजारच्या वर नागरिकांवर पाळत ठेवून आहे, त्यात किम दे-जुंग पण आला. म्हणजे घर तेच, रंग फक्त बाहेरून दिलेला.

पाहुणे, तुमच्या प्रश्नाचं एका नावात उत्तर हवं असेल तर किम यंग-सॅम. आणि का ते जरा सविस्तर सांगतो कारण या माणसाबद्दल आपल्याकडे कोणी काही लिहितच नाही, सगळे नोबेल मिळालं म्हणून किम दे-जुंगवर लिहितात.

आधी त्याची लबाडी. जानेवारी १९९० मध्ये हा गडी, ज्याने १९८३ मध्ये लष्करी राजवटीविरुद्ध २३ दिवसांचं उपोषण केलं होतं, तो रोहच्या पक्षात आपला पक्ष घेऊन विलीन झाला. सोबत तिसरा किम, किम जोंग-पिल, म्हणजे १९६१ च्या बंडातला माणूस आणि कोरियन सीआयएचा संस्थापक. लोकांनी गद्दार म्हणून तोंड भरून शिव्या दिल्या, त्याच्याच पक्षातला रोह मू-ह्युन सोबत गेला नाही. किम यंग-सॅमचं म्हणणं होतं की वाघ पकडायचा तर वाघाच्या गुहेत शिरावं लागतं. सगळे हसले. पण १९९२ ची निवडणूक तो जनरलांच्याच पक्षाच्या तिकिटावर जिंकला आणि २५ फेब्रुवारी १९९३ ला तीस वर्षांत लोकांनी थेट निवडून दिलेला पहिला बिगरलष्करी राष्ट्राध्यक्ष म्हणून बसला.

आता खरी गंमत. लष्करात हानाह्वे नावाची एक गुप्त टोळी होती. चुन, रोह आणि त्यांच्या मिलिटरी अकॅडमीच्या ११ व्या बॅचच्या मित्रांनी काढलेली, पुढच्या प्रत्येक बॅचमधून निवडक पोरं उचलायची, शपथ द्यायची आणि मग प्रमोशन, सोलच्या आसपासच्या मोक्याच्या पोस्टिंग सगळं आपसात. सरकार कोणाचंही असो, सोलभोवतीचे रणगाडे यांच्या हातात. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार हा प्रश्न होता. किम यंग-सॅमने ८ मार्चला, म्हणजे शपथ घेऊन दोन आठवडे पण झाले नव्हते, लष्करप्रमुख आणि सिक्युरिटी कमांडचा प्रमुख दोघांना एका फटक्यात घरी पाठवलं. कुणाला कुणकुण लागू दिली नाही. लक्षात घ्या, हेच दोन लोक बंड करू शकले असते. एक सैन्य हलवणारा आणि दुसरा कोण सैन्य हलवतंय यावर नजर ठेवणारा. १९७९ मध्ये चुन याच दुसऱ्या खुर्चीवर बसला होता आणि त्याने लष्करप्रमुखालाच अटक केली होती. मग एप्रिलच्या सुरुवातीला सोलमधल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या क्वार्टर्समध्ये हानाह्वेच्या मेंबर लोकांची नावं छापलेली पत्रकं पडलेली सापडली, एका कर्नलनेच टाकली होती, आणि त्यानंतर तर रांगच लागली, एकेक जनरल बाजूला. वर्षभरात टोळीचा कणा मोडला. गोळी एकही सुटली नाही.

हे पहिल्या दोन महिन्यांत झालं म्हणून झालं. निवडून आल्यावर हवा असते ना, त्या हवेतच करावं लागतं. नंतर तीच माणसं पत्ते पिसून बसली असती.

एमपीएससी_गणू

वाचतोय. राज्यशास्त्राच्या क्लासला एवढं कोणी सांगत नाही राव, तिथे नुसतं तिसरी लाट आणि हंटिंग्टन. तर्कट सर, ते बँक अकाउंटचं पण याच्याच काळातलं ना? त्याबद्दल लिहा.

तर्कट

हो, त्याच्याच काळातलं. सर नको म्हणूस, मी बँकेत कारकून आहे 😀 म्हणून तर तो भाग मला सगळ्यात आवडतो. तोपर्यंत कोरियात खोट्या नावाने किंवा दुसऱ्याच्या नावाने खातं चालायचं, राजकारण्यांचा सगळा पैसा तसाच फिरायचा. १२ ऑगस्ट १९९३ ला संध्याकाळी टीव्हीवर येऊन राष्ट्राध्यक्षाने आणीबाणीचा आर्थिक आदेश काढला की आजपासून सगळे व्यवहार खऱ्या नावाने. संसदेत आधी नेलं असतं तर रातोरात पैसे गायब झाले असते म्हणून आधी आदेश आणि मंजुरी नंतर. आम्हाला केवायसीचे कागद गोळा करतानाच घाम फुटतो, तिथे अख्ख्या देशाची खाती.

याचाच धागा पुढे सापडला. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये एका खासदाराने संसदेत बँक खात्याचे कागद फडकावले की हा रोह ते-वूचा काळा पैसा. आठवड्याभरात रोह टीव्हीवर डोळे पुसत कबूल करतोय की राष्ट्राध्यक्ष असताना ५०० अब्ज वॉनच्या आसपास फंड जमवला होता. काका, हा तुमचा रोह बरं का.

जुना_पेपरवाला

पैसे खाल्ले ते खाल्लेच, त्याला मी कुठे नाही म्हणतोय. पण तर्कटराव अर्धीच गोष्ट सांगतायत. त्याच १९९५ च्या जुलैमध्ये किम यंग-सॅमच्याच सरकारी वकिलांनी सांगितलं होतं की यशस्वी झालेल्या बंडाबद्दल खटला भरता येत नाही! आणि त्याआधी राष्ट्राध्यक्ष स्वतः म्हणत होता की १९७९ आणि ८० चा न्याय इतिहासावर सोडू. हा तुमचा शूर. मग फंडाचं लफडं निघालं, लोक भडकले, त्यात प्रश्न यायला लागले की १९९२ च्या तुझ्या प्रचाराला रोहने किती दिले, तेव्हा साहेबांनी यू-टर्न मारला आणि डिसेंबरमध्ये स्पेशल कायदा करून चुन आणि रोह दोघांवर खटला. वरातीमागून घोडं.

शुभदा_डी

मला वाटतं दोघंही राष्ट्राध्यक्षांच्याच अंगरख्याला धरून बसलायत. जुलैमध्ये सरकारी वकील नाही म्हणाले आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला, मध्ये काय झालं? प्राध्यापकांनी सह्यांची पत्रकं काढली, विद्यार्थी रस्त्यावर आले, ग्वांगजूमध्ये ज्यांची मुलं गेली त्या आया तर १९८० पासून थांबल्याच नव्हत्या, त्यांच्यावर पाळत होती, सभा उधळत होते, तरी दर मे महिन्यात स्मशानात जमायच्या. म्हणजे नेत्याला पाठीमागून ढकलणारं कोणीतरी होतं. नेता चांगला की वाईट यापेक्षा ढकलल्यावर हलतो की नाही हे मी बघते.

तरी एक कबूल, त्या खटल्याचं एक दृश्य विसरता येत नाही. २ डिसेंबर १९९५ ला चुनने आपल्या घराबाहेरच्या गल्लीत उभं राहून, मागे सगळे जुने साथीदार, चौकशीला येणार नाही असं ठणकावून सांगितलं आणि सरळ गाडीत बसून गावी, हापचनला निघून गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे पोलिसांनी तिथून उचलून थेट जेलमध्ये आणला. जो माणूस सोळा वर्षांपूर्वी रात्रीत लष्करप्रमुखाला उचलून नेत होता! ऑगस्ट १९९६ मध्ये कोर्टात कैद्याच्या कपड्यात चुन आणि रोह शेजारी उभे, एकमेकांचा हात धरलेला, तो फोटो बघा कधी. चुनला फाशी आणि रोहला साडेबावीस वर्षं, अपिलात जन्मठेप आणि सतरा वर्षं.

चाकणचा_पाहुणा

बाप रे, भारी माहिती देताय सगळे. पण फाशी तर झाली नाही ना त्यांना? आमच्या साहेबांच्या बोलण्यात चुन म्हातारा होऊन घरीच वारला असं आलं होतं.

शुभदा_डी

नाही झाली. डिसेंबर १९९७ मध्ये दोघांना माफी मिळाली. आणि माफी द्यायला संमती कोणी दिली तर नुकत्याच निवडून आलेल्या किम दे-जुंगने, ज्याला याच चुनच्या राजवटीने १९८० मध्ये फाशीची शिक्षा सुनावली होती आणि त्याआधी १९७३ मध्ये पार्कच्या हेरांनी टोकियोच्या हॉटेलातून पळवून नेलं होतं. माणूस दोनदा मरता मरता वाचला आणि सत्तेवर आल्यावर सूड नाही घेतला. त्याला सत्ता मिळाली ती पण त्या किम जोंग-पिलशी हातमिळवणी करून, म्हणजे ज्या संस्थेने त्याला पळवलं तिचाच संस्थापक याचा पंतप्रधान! आपल्याकडच्या पहाटेच्या शपथविधीची कोणाला आठवण आली तर माझा दोष नाही.

पण चुनबद्दल माझं मत आजही कडू आहे. दंड भरायची वेळ आली तेव्हा २००३ मध्ये कोर्टात म्हणे माझ्याकडे फक्त २ लाख ९० हजार वॉन आहेत, म्हणजे तेव्हाचे आपले दहा-बारा हजार रुपये, आणि गोल्फ मात्र चालू. नोव्हेंबर २०२१ मध्ये गेला, ग्वांगजूची माफी न मागता. रोह त्याच्या महिनाभर आधी गेला, त्याच्या मुलाने तरी ग्वांगजूच्या स्मशानात जाऊन डोकं टेकवलं होतं. रोहला सरकारी अंत्यसंस्कार मिळाले, चुनला नाही. म्हणून म्हणते, माफी देताना आधी कबुली मागायला हवी होती. किम दे-जुंग मोठ्या मनाचा होता, पण त्या मोठ्या मनाची किंमत ग्वांगजूच्या आयांनी भरली.

जुना_पेपरवाला

ताई, त्या वेळची परिस्थिती पण बघा. नोव्हेंबर १९९७ मध्ये देशाने आयएमएफकडे हात पसरले होते, कंपन्या धडाधड बुडत होत्या, आपल्याकडे सिएलो आणि मॅटिझ विकणारी देवू पण दोन वर्षांत कोसळली. लोक लग्नातल्या अंगठ्या, मुलांच्या वाढदिवसाचं सोनं बँकेत आणून देत होते, ३५ लाख लोकांनी मिळून २२७ टन सोनं दिलं. अशा वेळी पूर्व विरुद्ध पश्चिम भांडण पेटतं ठेवणं परवडलं असतं का? जोल्लाचा पहिलाच माणूस गादीवर, समोर ग्योंगसांगचे सगळे उद्योग, नोकरशहा, जनरल. माफी हा हिशोब होता, आणि माझ्या मते बरोबर हिशोब होता. आयएमएफचं कर्ज त्याने ऑगस्ट २००१ मध्ये मुदतीआधी फेडलं.

आणि तर्कटचा हिरो जाताना कसा गेला ते पण सांगा की. सुरुवातीला ८० टक्क्यांवर लोकप्रियता, शेवटी ६ टक्के. मुलगा लाचखोरीत आत.

तर्कट

सांगतो ना, लपवायचं काय त्यात. अर्थव्यवस्था त्याला झेपली नाही, मुलाला आवरता आलं नाही, शेवटी तोंड दाखवायला जागा नव्हती. पण पाहुण्यांनी विचारलंय लष्कराला बराकीत कोणी धाडलं, सगळ्यात आवडता कोण हे नाही विचारलं.

दुसरे देश बघा म्हणजे क्रम किती महत्त्वाचा ते कळेल. चिलीत १९९० मध्ये एल्विन राष्ट्राध्यक्ष झाला आणि जुना हुकूमशहा पिनोशे लष्करप्रमुख म्हणून १९९८ पर्यंत तिथेच ठाण मांडून, राष्ट्राध्यक्षाला त्याला काढायचा अधिकारच नाही. अर्जेंटिनात राष्ट्राध्यक्ष अल्फोन्सिनने आधी १९८५ मध्ये जनरलांवर खटला चालवला, फार धाडसाचं काम, पण मधली फळी जागेवर होती, १९८७ मध्ये त्या अधिकाऱ्यांनी बंड केलं आणि त्याला खटले आवरते घ्यावे लागले. किम यंग-सॅमने उलट केलं. आधी हातातली बंदूक काढून घेतली, मग पैशाची वाट बंद केली, आणि कोर्ट दोन अडीच वर्षांनी. १९९५ मध्ये ढकलल्यावर हलला असेल, मान्य, पण हलायला जागा होती कारण १९९३ मध्ये रस्ता साफ केलेला. चुन गल्लीत उभा राहून ठणकावत होता तेव्हा त्याच्या मागे म्हातारे दोस्त होते, एकही डिव्हिजन नव्हती.

एमपीएससी_गणू

मग २०२४ मध्ये परत कसं काय झालं? टोळी मोडली होती ना?

शुभदा_डी

गणू, टोळी मोडली पण खुर्ची राहिली. तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष युन सुक-योलने संरक्षणमंत्री नेमला तो त्याच्याच हायस्कूलचा, चुंगामचा, आणि लष्करी गुप्तचर कमांडचा प्रमुख पण चुंगामचाच. ही कमांड म्हणजे चुन जिथे होता तीच, नाव बदलत बदलत आलेली. म्हणजे तर्कटचा मुद्दा उलटा पण लागू होतो, मोक्याच्या दोन खुर्च्यांवर आपली माणसं बसवली की कोणाच्याही मनात यायला लागतं.

फरक पडला तो १९८७ च्या राज्यघटनेमुळे. ७७ व्या कलमात सरळ लिहिलंय की संसदेच्या एकूण सदस्यांच्या बहुमताने मागणी केली तर राष्ट्राध्यक्षाने मार्शल लॉ उठवलाच पाहिजे. म्हणून त्या रात्री सगळी धावपळ संसदेत पोचायची होती, सभापती वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कुंपणावरून उडी मारून आत, विरोधी नेता ली जे-म्युंग फोनवर लाइव्ह चालू ठेवून भिंत चढतोय, बाहेर लोक सैनिकांच्या गाड्या अडवतायत, आत कर्मचाऱ्यांनी दारांना सोफे लावलेत. हेलिकॉप्टरने उतरलेले सैनिक खिडकी फोडून शिरले खरे, पण गोळी सोडाच, रेटून पण पुढे गेले नाहीत. रात्री एकच्या सुमाराला १९० विरुद्ध शून्य. एप्रिल २०२५ मध्ये घटना न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी युनला काढलं तेव्हा निकालात लिहिलं की लोकांनी अडवलं आणि सैनिक-पोलिसांनी आदेश अर्ध्या मनाने पाळले म्हणून संसदेला मतदान करता आलं. ते विशीतले सैनिक शाळेत ग्वांगजू शिकून आलेले. तो धडा पुस्तकात आला तो कुठल्या एका राष्ट्राध्यक्षामुळे नाही.

तर्कट

शाळेच्या पुस्तकात आला कारण कोर्टात निकाल लागला, आणि कोर्टात... जाऊ दे, आपण गोल गोल फिरू 😀

पाहुणे, जेलचं राहिलं. सगळे नाही गेले. किम यंग-सॅम आणि किम दे-जुंग स्वतः नाही गेले, दोघांची मुलं गेली. रोह मू-ह्युनने चौकशी चालू असताना २००९ मध्ये जीव दिला. त्याच्या नंतरचे राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक आणि पार्क ग्युन-हे आत गेले आणि माफीवर बाहेर आले. पाच वर्षांची एकच टर्म असते, परत उभं राहता येत नाही, त्यामुळे पाच वर्षं सगळं हातात आणि सहाव्या वर्षी वाली कोणी नाही. शिवाय सरकारी वकील तिथे आजवर भलतेच ताकदवान, युन स्वतः त्यातूनच वर आला, पार्क ग्युन-हेच्या केसमधून.

जुना_पेपरवाला

एक भर घालतो. जुलै २०२५ मध्ये नवा राष्ट्राध्यक्ष ली जे-म्युंगने एका राजकारण्याला संरक्षणमंत्री केलं, ६४ वर्षांत पहिल्यांदा बिनलष्करी माणूस त्या जागी. १९६१ पासून दोन्ही किमांनी सुद्धा तिथे निवृत्त जनरलच बसवले होते. तर्कटराव, तुमच्या वाघ पकडणाऱ्याने सुद्धा.

तर्कट

हा मुद्दा मात्र तुमचा, काका.

चाकणचा_पाहुणा

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून ठेवतोय. आता फक्त एक सांगा, ग्योंगसांगच्या साहेबांपुढे हानाह्वेचा विषय काढला तर चालेल की अप्रेझल होईपर्यंत थांबू?

शुभदा_डी

थांबा.